अणुचाचणीच्या मैदानावरची माणसे

गडचिरोलीतल्या एका शिक्षक-मेळाव्यात अणुऊर्जेवर बोलणे चालले होते. युरेनियमचे विखंडन, साखळी प्रक्रिया, पोखरण असे नेहमीचे विषय झाले. मग मागच्या बाकावरून एका शिक्षिकेने विचारले, "बाँब ज्यांच्यावर पडतो त्यांचे काय होते, ते आम्ही हिरोशिमाच्या धड्यात शिकवतो. पण चाचणीच्या वेळी तो फोडायला जी माणसे जवळ जातात, त्यांचे काय?" प्रश्न साधा आहे आणि तो क्वचितच विचारला जातो. चाचणीच्या बातमीत स्फोटाची ताकद किती, हे असते. विहीर खणणारे जवान, तारा ओढणारे तंत्रज्ञ, स्फोटानंतर मापक घेऊन सर्वांत आधी आत शिरणारी तुकडी यांच्याबद्दल बातमीत ओळही नसते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना या विषयाकडे एका ओळखीच्या कामावरून जाता येईल. वणव्याचा हंगाम सुरू होण्याआधी जंगलात जाळरेषा जाळतात. आग आपणच लावायची, पण ती हाताबाहेर जाऊ द्यायची नाही, असे हे काम आहे. वारा कुठून आहे ते पाहायचे, कोण कुठे उभा आहे ते ठरवायचे, काम संपल्यावर माणसे मोजायची आणि "थांबा" म्हणण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवायचा. अणुचाचणीतली सुरक्षा मुळात याच गोष्टींवर उभी असते. फरक एवढाच, की आग दिसते, तिची झळ लागते, धुराने डोळे चुरचुरतात. किरणोत्साराला रंग नाही, वास नाही, ऊब नाही. घातक मात्रा अंगावर घेतलेल्या माणसालाही पहिली काही मिनिटे काहीच जाणवत नाही. म्हणून इथे डोळ्यांचे काम यंत्राला करावे लागते आणि आठवणीचे काम नोंदवहीला. पुढे जे सांगायचे आहे ते बरेचसे या नोंदवहीबद्दलच आहे.

धोका आधी नीट समजून घेऊ. स्फोटाच्या पहिल्या मिनिटात गॅमा किरण आणि न्यूट्रॉन यांचा मारा होतो. त्या वेळी माणसे पुरेशी दूर असली की तो प्रश्न मिटतो. खरा चिवट प्रश्न नंतरचा. विखंडनातून शेकडो प्रकारची किरणोत्सारी अणुकेंद्रके तयार होतात, न्यूट्रॉनच्या माऱ्याने आसपासची मातीही किरणोत्सारी होते आणि न जळलेले प्लुटोनियम उरते. हे सारे धुळीवर बसते. धूळ बाहेर असेल तर तिच्यातले गॅमा किरण शरीर भेदतात. श्वासातून किंवा अन्नातून ती आत गेली, तर प्लुटोनियमसारख्या पदार्थांचे अल्फा कण फुप्फुसाला आणि हाडाला चिकटून वर्षानुवर्षे मारा करतात. हेच अल्फा कण बाहेरून आले तर कातडीचा वरचा मृत थरही ओलांडू शकत नाहीत.

वर्गात एक गोष्ट आवर्जून सांगावी. क्ष-किरण काढून आलेला रोगी किरणोत्सारी होत नाही, कारण किरण अंगातून निघून गेलेले असतात. किरणोत्सारी धूळ कपड्याला लागलेला माणूस मात्र ती घरापर्यंत नेतो. म्हणून चाचणीक्षेत्राच्या कडेला, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, एक चौकी असते. तिथे बाहेरचे कपडे आणि बूट उतरवायचे, साबणाने अंग धुवायचे (खरखरून घासायचे नाही, कातडी सोलवटली की धूळ आत जाते) आणि मापकाने तपासून मगच पुढे सोडायचे. रोवणीहून आलेला माणूस चिखलाचे पाय अंगणातच धुतो, तसेच हे.

मात्रा मोजण्याचे एकक सिव्हर्ट. त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिसिव्हर्ट. खडक, हवा, अन्न आणि अवकाशातून येणारे किरण मिळून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. किरणोत्साराशी काम करणाऱ्यासाठी भारतात घातलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. सामान्य नागरिकाला या कामांमुळे होणाऱ्या वाढीची मर्यादा १. एकदम १,००० मिलिसिव्हर्टच्या आसपास मात्रा मिळाली तर मळमळ, ओकाऱ्या सुरू होतात. ४,००० ते ५,००० मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात.

संरक्षणाची साधने तीनच आहेत: काळ, अंतर आणि आडोसा. पाठ्यपुस्तकात ती एका ओळीत येतात, पण मैदानावर त्यांचे गणित मांडावे लागते. समजा एखाद्या जागी ताशी ५० मिलिसिव्हर्ट असा किरणोत्सार आहे आणि त्या कामासाठी माणशी १० मिलिसिव्हर्ट एवढीच परवानगी आहे. तर तिथे थांबता येईल १२ मिनिटे, आणि त्यात जाण्यायेण्याचा वेळही धरायचा. काम अर्ध्या तासाचे असेल तर तीन जणांनी पाळीपाळीने जायचे. अर्थात एवढ्याने एकूण मात्रा कमी होत नाही, ती फक्त वाटली जाते. म्हणून चांगला अधिकारी आधी विचारतो, की हे काम उद्या केले तर चालेल का?

हा प्रश्न विचारण्यामागे एक सुंदर नियम आहे. स्फोटानंतरच्या धुळीचा किरणोत्सार वेळ सातपट झाला की दहापट घटतो. एका तासानंतर तो १,००० असेल तर ७ तासांनी १००, ४९ तासांनी १० आणि सुमारे दोन आठवड्यांनी १. विद्यार्थी इथे अडतील, कारण किरणोत्सारी पदार्थ ठराविक अर्धायुकालाने निम्मा होतो असे ते शिकलेले असतात. दोन्ही बरोबर आहे. धुळीत शेकडो समस्थानिके मिसळलेली असतात. सेकंदांत संपणारी आधी संपतात आणि वर्षे टिकणारी मागे राहतात. त्यांची बेरीज हा नवा नियम देते. सुरुवातीचे काही तास थांबणे हा सर्वांत स्वस्त आडोसा आहे.

अंतराच्या बाबतीतही सावध राहायला हवे. दिव्यापासून दुप्पट दूर गेले की उजेड चौथाई होतो, हा नियम एका बिंदूतून येणाऱ्या किरणांना लागू पडतो. सगळी जमीनच धुळीने माखली असेल तर चार पावले मागे सरून काही साधत नाही, कारण तिथेही पायाखाली तीच धूळ असते.

आणि तो चित्रांत दिसणारा पांढरा पोशाख? तो गॅमा किरण अडवत नाही. तो धूळ अंगाला लागू देत नाही, आणि मुखवटा ती फुप्फुसात जाऊ देत नाही, एवढेच. त्याची किंमतही मोजावी लागते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा सुती कपड्यांतही जीव नकोसा होतो. अशा हवेत हवाबंद पोशाख आणि मुखवटा चढवून काम करणाऱ्या माणसाला किरणोत्साराआधी उष्माघात गाठू शकतो. पोखरणच्या १९७४ आणि १९९८ या दोन्ही चाचण्या मे महिन्यातल्या. वाळवंटात पाळीचा वेळ ठरवताना एक डोळा मात्रामापकावर आणि दुसरा तापमापकावर ठेवावा लागतो.

आडोसा आणि मुखवट्यापेक्षाही अवघड भाग हुकूम कोणी द्यायचा हा आहे. त्याचे धडे फार महाग पडले.

१९४६ च्या जुलैत अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटावर दोन चाचण्या केल्या. सुमारे ४२,००० माणसे त्या मोहिमेत होती. किरणोत्सारी सुरक्षेचे प्रमुख होते डॉ. स्टॅफर्ड वॉरन. २५ जुलैचा दुसरा स्फोट पाण्याखाली झाला आणि किरणोत्सारी पाण्याचा फवारा लक्ष्य म्हणून उभ्या केलेल्या जहाजांवर कोसळला. मग खलाशांना जहाजे धुवायला पाठवले. साबण, सोडा, ब्रश घेऊन तरुण पोरे डेक घासत राहिली, पण किरणोत्सार लाकडात आणि गंजात मुरला होता. वॉरन काम थांबवा म्हणत होते आणि आरमाराला जहाजे परत हवी होती. गायगर मापकांना प्लुटोनियमचे अल्फा कण टिपता येत नव्हते, त्यामुळे बोट ठेवायला आकडा नव्हता. शेवटी १० ऑगस्टला वॉरन यांनी सेनानींपुढे एक चित्र ठेवले. तिथल्या पाण्यातला एक मासा छायाचित्राच्या काचेवर ठेवला होता, आणि माशाने आपल्याच अंगातल्या किरणोत्साराने आपले चित्र उमटवले होते. त्या दिवशी काम थांबले. ठरलेली तिसरी चाचणीही पुढे रद्द झाली. थांबवण्याचा अधिकार सुरक्षाप्रमुखाकडे नव्हता, त्याला तो चित्र दाखवून मिळवावा लागला, हे इथे लक्षात घ्यायचे.

१ मार्च १९५४ च्या 'ब्राव्हो' चाचणीत अंदाजच चुकला. सहा मेगॅटनच्या आसपास धरलेला स्फोट १५ मेगॅटनचा झाला आणि धूळ पूर्वेकडच्या वस्तीच्या बेटांवर गेली. रॉंगेरिक बेटावरचे २८ अमेरिकी कर्मचारी आणि रॉंगेलापचे रहिवासी यांना नंतर हलवावे लागले. जपानच्या एका मासेमारी नौकेवरचे २३ जण त्या राखेत सापडले आणि त्यांतले एक त्याच वर्षी सप्टेंबरात वारले. सुरक्षेची हद्द अपेक्षित स्फोटाला धरून आखली, तर चूक झाली की ती हद्द उरत नाही.

नेव्हाडाच्या वाळवंटात १९५१ ते १९५७ या काळात तर सैनिकांना मुद्दाम जवळ नेले गेले. काही किलोमीटरवर खंदकात बसायचे, स्फोट झाला की उठून त्या दिशेने चालत जायचे, अशी कवायत होती. सुरुवातीला बऱ्याचदा मात्रा मोजणारा फिल्मचा बिल्ला अख्ख्या तुकडीत एकाकडेच असे. १९५७ च्या 'स्मोकी' चाचणीतल्या ३,२२४ जणांचा शोध पुढे घेतला, तेव्हा रक्ताच्या कर्करोगाचे ९ रुग्ण आढळले. अपेक्षित होते ३.५. बिल्ल्यांवरच्या नोंदी मात्र इतक्या कमी होत्या, की त्यांतून ही वाढ समजत नव्हती. योगायोग म्हणायचे की बिल्ले अपुरे होते? त्यातच १९७३ मध्ये सेंट लुईस इथल्या सरकारी दप्तरखान्याला आग लागली आणि लष्करातल्या लाखो माणसांची सेवापत्रके जळाली. आपण तिथे होतो हे सिद्ध करणेच अनेकांना अवघड झाले. अखेर १९८८ च्या कायद्याने ठराविक कर्करोगांच्या बाबतीत मात्रेचा पुरावा मागणे अमेरिकी सरकारने सोडून दिले; चाचणीला हजर होता एवढे पुरे. सोव्हिएत संघात १९५४ च्या सप्टेंबरात तोत्स्कोये इथे सुमारे ४५,००० सैनिकांच्या कवायतीवर बाँब टाकला गेला, आणि त्यांना तर त्याबद्दल बोलायचीच बंदी होती.

१९६३ च्या करारानंतर त्यात सामील झालेल्या देशांच्या चाचण्या जमिनीखाली गेल्या. भारतानेही त्यावर सही केली होती. जमिनीखाली स्फोटाच्या उष्णतेने खडक वितळतो आणि थंड होताना त्याच्या काचेत बराचसा किरणोत्सार अडकून पडतो. बाहेर येऊ शकतात ते मुख्यतः झेनॉन, क्रिप्टॉन, आयोडीन यांसारखे वायू. खोली किती हवी? अमेरिकेतला ढोबळ नियम असा: स्फोटाच्या किलोटनांचे घनमूळ काढायचे आणि १२० ने गुणायचे, म्हणजे मीटर मिळतात. १० किलोटनांसाठी सुमारे २६० मीटर. १८ डिसेंबर १९७० ची नेव्हाडातली 'बेनबेरी' चाचणी १० किलोटनांची होती आणि खोली होती सुमारे २७८ मीटर. नियम पाळला गेला होता. तरीही साडेतीन मिनिटांनी जमीन फाटली आणि किरणोत्सारी ढग सुमारे तीन किलोमीटर उंच गेला, कारण तिथली माती पाण्याने भिजलेली होती. ८६ कामगारांच्या अंगाला धूळ लागली. त्यांतले दोघे १९७४ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारले. न्यायालयाने त्यांना धुऊन-तपासून सोडण्यात हयगय झाली हे मान्य केले, पण आजार त्यामुळेच झाला हे सिद्ध झाले असे मानले नाही.

आता पोखरणकडे येऊ. १८ मे १९७४ ला सकाळी ८ वाजून ५ मिनिटांनी १०७ मीटर खोलीवर स्फोट झाला. अधिकृत ताकद १२ किलोटन. वरच्या नियमाने १२ किलोटनांना सुमारे २७५ मीटर खोली लागते. तरी किरणोत्सार बाहेर आला नाही असे सरकारने जाहीर केले. परदेशी भूकंपतज्ज्ञांपैकी अनेकांनी ताकद कमी धरली, आणि खडकाचा प्रकारही निर्णायक असतो हे बेनबेरीने उलट बाजूने दाखवलेच आहे. शिक्षकांनी हे दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून चर्चा घडवावी. घनमुळाचा धडाही आपोआप होईल.

पण आम्हाला त्या सकाळची सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. चाचणी ८ वाजता ठरली होती. एका शास्त्रज्ञाची जीप स्फोटाच्या जागेजवळ सुरूच होईना. ते चालत निघाले, गाडी हलवण्याची खटपट झाली, आणि या साऱ्यात स्फोट पाच मिनिटे लांबला. अनेक वर्षांची तयारी, दिल्लीत निरोपाची वाट, आणि घड्याळ थांबते एका बंद पडलेल्या जीपसाठी! सुरक्षा नावाची गोष्ट प्रत्यक्षात अशी दिसते. माणसे मोजून झाल्याशिवाय बटण दाबायचे नाही.

११ मे १९९८ ला वारा आडवा आला. त्या वेळी डॉ. अनिल काकोडकर भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक होते आणि लष्कराच्या अभियंता दलाने विहिरी तयार ठेवल्या होत्या. चाचणी सकाळी व्हायची होती, पण वाऱ्याची दिशा बरी नव्हती. समजा गळती झालीच, तर ती वस्तीकडे जाऊ नये म्हणून थांबले आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास तीन स्फोट झाले. १३ मे रोजी आणखी दोन. त्यानंतरही काम संपले नव्हते. स्फोटाच्या जागी वेध घेऊन खोलवरचे नमुने काढले गेले आणि ट्रॉम्बेला तपासले गेले. त्यांत सोडियम-२२ आणि मँगनीज-५४ ही समस्थानिके सापडली, आणि त्यावरून स्फोटातल्या वेगवान न्यूट्रॉनांबद्दल अनुमान काढले गेले. खडकात कोंडलेला किरणोत्सार त्या वेधातून पुन्हा वर येतो, म्हणून वेधयंत्रावरच्या माणसाची काळजी बटण दाबणाऱ्यापेक्षा जास्त घ्यावी लागते.

अशा माणसाच्या छातीवर जो बिल्ला असतो, तो आपल्या महाराष्ट्रातच विकसित झाला. १९७५ पासून ट्रॉम्बेच्या पद्धतीचे बिल्ले देशात वापरात आले. त्यातल्या चकत्यांमध्ये कॅल्शियम सल्फेट असते, म्हणजे फळ्यावरचा खडू साधारणपणे ज्याचा असतो तेच, फक्त त्यात डिस्प्रोशियम या मूलद्रव्याचा अंश मिसळलेला. किरण पडले की त्यांची ऊर्जा स्फटिकात अडकून राहते. चकती तापवली की ती प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. जितकी मात्रा तितका प्रकाश. चकत्यांवर निरनिराळ्या गाळण्या असल्याने किरण कोणत्या प्रकारचे होते हेही कळते. बिल्ला साधारण तीन महिन्यांनी वाचला जातो आणि आकडा माणसाच्या नावावर राष्ट्रीय नोंदवहीत चढतो; माणसाने नोकरी बदलली तरी आकडा त्याच्या मागे जातो. जिल्हा रुग्णालयातल्या क्ष-किरण तंत्रज्ञाच्या किंवा औष्णिक वीजकेंद्रात बॉयलरच्या नळ्यांचे जोड इरिडियम-१९२ ने तपासणाऱ्या कामगाराच्या छातीवरही असाच बिल्ला असतो. या बिल्ल्याला दोन गोष्टी जमत नाहीत. तो त्या क्षणी इशारा देत नाही, म्हणून सोबत खिशातला मापक लागतो. आणि श्वासातून आत गेलेले प्लुटोनियम त्याला कळत नाही, त्यासाठी लघवीची तपासणी करावी लागते.

नोंदवही कोणी तपासायची, हा प्रश्न आपल्याकडेही आहे. नोव्हेंबर १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. २००० मध्ये भाभा केंद्राची संयंत्रे त्याच्या देखरेखीतून काढून केंद्राच्या अंतर्गत व्यवस्थेकडे दिली गेली. संरक्षणाच्या कामात गुप्तता लागते, हे मान्य. पण बाँबची रचना गुप्त ठेवणे आणि जवानाची मात्रा गुप्त ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला आम्हाला काही कारण दिसत नाही.

चाचणीक्षेत्रापासून सुमारे पाच किलोमीटरवर खेतोलाई हे गाव आहे. १९९८ मध्ये तिथल्या लोकांना घराबाहेर, झाडांखाली थांबायला सांगितले गेले. हादऱ्याने घरांना भेगा पडल्या. नंतरच्या वर्षांत गावात कर्करोग आणि जनावरांचे आजार वाढल्याची तक्रार गावकरी करत आले आहेत, आणि किरणोत्सार बाहेर पडलाच नाही असे सरकारी उत्तर आहे. दोन्ही बाजू प्रामाणिक असू शकतात. लहान गावातले दहा-वीस रुग्ण पाहून संख्याशास्त्र सहसा काही ठामपणे सांगू शकत नाही. याचा निकाल लागायला त्याच विहिरींचे पाणी, त्याच गायींचे दूध, स्फोटाच्या आधी आणि नंतर, तारीख घालून मोजलेले आणि गावाला दाखवलेले असायला हवे.